आधी वस्तू दाखवा

कोपरखैरण्यातल्या आमच्या शेजारच्या काकांइतका भित्रा माणूस उभ्या नवी मुंबईत सापडला नसता. ते पालीला भीत, वीजबिलाला भीत, पण सगळ्यांत जास्त भीत ते ओळीने उभ्या राहिलेल्या इंग्रजी नामांना. नव्वदच्या दशकात आम्ही दोघं न्हावा शेव्याच्या बंदरात एका एजंटाकडे परदेशी मालाचे कागद करायचो. 'वॉटर पंप मोटर कव्हर' असं काही आलं की काकांच्या कपाळाला घाम फुटे. "चार मानसं बसच्या रांगेत उभी, कोन कोनाचा पत्ता नाय!" मराठीत निदान मधे चा-ची-चे असतं. स्पेनच्या एका कंपनीची बिलं वाचून काकांनी जुजबी स्पॅनिश पैदा केलं होतं आणि त्या भाषेवर त्यांचा फार जीव. "तापा दे मोतोर दे बोम्बा दे आग्वा! झाकण मोटारीचं, मोटार पंपाची, पंप पाण्याचा. मधे 'दे' हाय ना, प्रत्येकानं दुसऱ्याचा हात धरलाय. टेन्शन नाय." इंग्रजी कागदावर मात्र तपासणीत खोकं उघडून वस्तूला हात लावल्याशिवाय ते सही करत नसत. ट्रक खोळंबायचे, ड्रायव्हर त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे, आणि काका भर उन्हात वाकून झाकण चाचपत असायचे. मीही जाम वैतागायचो.

मग काकूंच्या हृदयाची झडप निकामी झाली. इस्पितळात काकांपुढे कागद आला, 'हार्ट व्हॉल्व्ह रिप्लेसमेंट कन्सेंट फॉर्म'. पाच नामं आणि मधे कुणी नाही. काकांनी पेनाला परत टोपण लावलं. काकूंना आत न्यायची वेळ झाली होती.

"काका, सही करा लवकर," नर्स म्हणाली.

"आधी वस्तू दाखवा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण डॉक्टर भला माणूस. त्यांनी नव्या झडपेची सीलबंद डबी आणून दाखवली. काकांनी चष्मा पुसला, डबीवरचा नंबर दोनदा वाचला, डबी दोन्ही हातांत धरली आणि पुटपुटले, "फॉर्म संमतीचा. संमती बदलायची. बदलायची ती झडप. झडप हृदयाची." मग डबी डॉक्टरांना परत दिली. "आनि हृदय हिचं," म्हणाले आणि सही केली.

काकू वाचल्या. त्या झडपेची बारीक टिकटिक ऐकू येते. रोज दुपारच्या चहाआधी काका कान देऊन ती ऐकायचे आणि "माल बरोबर" म्हणायचे. काका गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. परवा काकूंकडे गेलो होतो. चहा ओतताना त्या म्हणाल्या, "अजून वाजतंय बघ. पन बरोबर वाजतंय का, ते सांगायला कोनी नाय."