डिकीतली स्टेपनी

घाट उतरताना आमच्या गाडीचं मागचं चाक पंक्चर झालं. कंत्राटी नर्सना कायम करा, हे आरोग्य खात्याच्या साहेबांना सांगायला जिल्ह्याला निघालो होतो. डिकी उघडली तर स्टेपनी पत्रकांच्या गठ्ठ्यांखाली दडपलेली. ती काढायला अख्खी चळवळ रस्त्याच्या कडेला मांडावी लागली.

सुनंदाताईंनी अंगठ्याने टायर दाबून पाहिला. आमच्या आरोग्य केंद्रात त्या कित्येक वर्षं कंत्राटावर बाळंतपणं करताहेत. साहेब आज काय ते ठरवणार: कायम होतील, नाहीतर घरी बसतील.

"हवा कमी आहे हो हिच्यात."

"स्टेपनीची हवा कोण बघतं, ताई!" ड्रायव्हर जालिंदरभाऊ हसले.

मला हसू येईना. दवाखाने, शाळा, बस डेपो, सगळा गाडा आपण अशाच माणसांवर हाकतो. अडलं की त्यांना बाहेर काढायचं, सगळं वजन त्यांच्यावर टाकायचं, आणि काम झालं की पुन्हा अंधारात ढकलायचं. त्यांच्यात हवा किती उरलीय, हे कुणी बघायचं? हेच तर त्या पत्रकांत छापलं होतं.

तीच स्टेपनी लावून हळूहळू घाट उतरलो. खाली पंक्चरवाल्याने पंक्चर काढलं, स्टेपनीत हवा भरली आणि तो पाना घेऊन तिचे नट सोडवायला बसला.

"कशाला काढताय?" ताईंनी विचारलं.

"स्टेपनी आहे ना ती. डिकीत नको टाकायला?"

"घाट हिनेच उतरवला ना? मग राहू द्या आता तिथंच."

त्याने जालिंदरभाऊंकडे पाहिलं. भाऊंनी दुरुस्त झालेलं चाक उचललं आणि डिकीत ठेवलं.