मामांची स्टेपनी

माझ्या बायकोच्या मामांइतका सावध माणूस उभ्या बुलढाणा जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि त्या सावधपणाने आमचं जेवढं वाटोळं केलं तेवढं एखाद्या बेफिकीर माणसानेही केलं नसतं. आमच्या धाड गावात त्यांची जुनी स्कूटर आहे. ती आधी डावीकडे कलती करायची, मग किक मारायची, मग ती खोकणार, हे सगळं मी सोसत आलो. मला संताप यायचा तो तिच्या मागे उभ्या बसवलेल्या जादा चाकाचा. या स्टेपनीला काळ्या रेक्झिनचं कव्हर, वरून साखळी, साखळीला कुलूप. दर रविवारी मामा तिचे नट सोडत, चाकाला न्हाऊ घालत, हवा तपासत आणि पुन्हा आवळत. एकदा मदतीला मी पाना उचलला तर म्हणाले, "राहू द्या जवाईबापू, तुमचा हात जड हाये." डोणगावच्या एका लग्नात हा गृहस्थ मांडवाच्या दाराशी ताट घेऊन उभ्याने जेवला, का तर तिथून स्टेपनी दिसत होती. नवरदेव नाही दिसला तरी चालेल!

गेल्या वर्षी माझ्या मुलीची नर्सिंगची प्रवेश परीक्षा चिखलीला होती. बिचारीने वर्षभर दुसरं काही केलं नव्हतं. नेमकी त्या सकाळी एसटी आलीच नाही आणि जीप भरून निघून गेली. मामा म्हणाले, "मी आहो ना! माह्यापाशी स्टेपनी हाये, कायची काळजी?" पुढे मामा, मध्ये पोरगी, मागे मी. अर्ध्या वाटेत मागचं चाक बसलं. मी म्हटलं, चला, या स्टेपनीचा जन्म आज सार्थकी लागला. पण मामा कुलूप काढेनात. शेवटी मी किल्ली हिसकावली, कव्हर ओढलं, तर आतून निघाली गोणपाटाची भलीमोठी चुंबळ.

"चाक कुठं आहे?"

"घरी, पेटीत. निंगताना ध्यानातच नाही आलं. मांगच्या हप्त्यात बजारातून एकाची स्टेपनी चोरीले गेली, तवापासून..."

"मग हिला कुलूप कशाला?"

"कवर बी नेतात हो लोकं."

त्या माळावर मी त्यांना जे बोललो ते इथे छापता येणार नाही. एक ट्रॅक्टर मिळाला, पोचलो, तोवर फाटक बंद झालं होतं. वॉचमनच्या हातापाया पडलो. पोरगी नुसती फाटकाकडे बघत राहिली. तिचं वर्ष गेलं, आणि तेही एका चुंबळीपायी! मी मामांकडे जाणं-येणं बंद केलं.

यंदा त्याच परीक्षेसाठी मी आधीपासूनच जीप ठरवली होती. गावाबाहेर पडतो तो मागून स्कूटर. मागे खरंखुरं चाक, उघडं. जीप थांबवून मी ओरडलो, "तुमचं चाक जीपला बसणार आहे का?"

"नाही बसत," मामा मान खाली घालून म्हणाले. "पन जीप बंद पडली त पोरीले स्कूटरवर नेईन ना."

चिखलीपर्यंत ते आमची धूळ खात आले. पोरगी वेळेवर आत गेली. मामा फाटकाजवळ आले नाहीत, रस्त्यापलीकडेच उभे राहिले. माझा राग गेलेला नाही, हे सांगायलाच मी रस्ता ओलांडला.

"पोरगी नाराज हाये का माह्यावर?" त्यांनीच विचारलं.

"ती नाही. मी आहे."

"तुमी राहा नाराज," मामा म्हणाले. "तिचं तेवढं होऊ द्या."

बोलायचं पुष्कळ ठरवून आलो होतो. पण म्हाताऱ्याचे डोळे भरले होते. मग मीही फाटकाकडे तोंड करून त्यांच्या शेजारी उभा राहिलो.