शेप्याचं कलम

आमच्या ग्रुपमध्ये आंबे कमी पिकतात, किस्से जास्त! आम्ही चाकणच्या एकाच कंपनीतले तिघे. सुट्टीला खेड तालुक्यातली म्हातारी रायवळ आंब्याची झाडं शोधत फिरतो, काड्या आणतो, कलमं बांधतो. रायवळची कोय लावली की झाड निराळंच उगवतं. त्यामुळे जुनं झाड तोडलं की ती चव कायमची गेली. म्हणून हा खटाटोप.

शिंदे आमचा क्वालिटीवाला. एका बांधावरच्या सगळ्या झाडांचे आंबे चाखून सवयीनं बोलून गेला, "एकाची चव दुसऱ्याशी जुळत नाही राव. अख्खा लॉट रिजेक्ट!"

वेल्डिंगचा कांबळे म्हणाला, "भावा, सगळे सारखेच पाहिजेत तर ओव्हरटाइम कर ना. इथं कशाला आलास?"

शिंदेनं तो रिजेक्ट माल पिशवी भरून घरी नेला.

एकदा ओल्या फडक्यात काड्या गुंडाळून थेट शिफ्टला गेलो. गेटवर सिक्युरिटीनं अडवलं. "हे काय?"

"आंबा."

"कुठाय आंबा?"

"थांबा की, चार-पाच वर्षं लागतील!"

चिंचवडला कांबळेची बाल्कनी म्हणजे आमची नर्सरी. मध्यंतरी तो तापानं फणफणला. मी फोन केला, "वहिनी, कसं आहे आता?"

"छान! दोन नवी पानं फुटलीत, अगदी तुकतुकीत."

"अहो, मी कांबळेचं विचारतोय!"

"ते होय? झोपलेत."

आणि राजगुरुनगरजवळच्या ठकूआजी. त्यांच्या दारातला शेप्या, म्हणजे शेपूच्या वासाचा आंबा, नवऱ्याच्या हातचा. नवरा गेल्यावर त्या झाडाशीच बोलायच्या. ते झाड रस्ता रुंदीकरणात जाणार होतं.

"लेकरांनो, त्याचं कायतरी ऱ्हाऊ द्या," एवढंच त्या म्हणाल्या.

आम्ही ढीगभर काड्या आणल्या, कलमं बांधली. एकेक करत वाळत गेली. आमचा जीव टांगणीला! तिकडं झाड पडलं, इकडं एकच कलम जगलं.

ते घेऊन गेलो. आजींनी पिशवीसकट रोप मांडीवर घेतलं, पानांवरून हात फिरवत राहिल्या. आम्हा तिघांचेही डोळे भरून आले. शेवटी शिंदेनं खड्डा घ्यायला कुदळ उचलली.

"हितं नगं," आजी म्हणाल्या. "हितं पुन्यांदा कुनीतरी मोजायला येईल. तुमच्या कंपनीच्या आवारात लावा. तिथनं रस्ता न्यायची कुनाची छाती हाय?"