नळावरचा पांढरा थर

माझा थोरला भाऊ अकरा वर्षं धुरापासून ॲसिड करत होता. कारखान्याच्या चिमणीतला वायू आणि पाणी यंत्रात घालायचं, वीज सोडायची, की फॉर्मिक ॲसिड तयार होतं. साहेब म्हणायचे, धुराचं सोनं होणार. साहेबांचं काय जातंय म्हणायला. दादाने मात्र ते खरं मानलं.

घोडं अडलं विजेपाशी. यंत्र दिवसभर चालवलं तर नुसतं बिलच ॲसिडच्या भावाच्या चौपट यायचं. म्हणून वीज स्वस्त असायची तेवढाच वेळ, दुपारी बारा ते तीन, दादा ते चालवायचा. पण रोजच्या चालू-बंदने आतले धातूचे पत्रे महिन्याभरात खराब व्हायचे, आणि नवे पत्रे बिलापेक्षा महाग. इकडे आड, तिकडे विहीर. मधल्या बांधावर उभा राहून हा बाबा अकरा वर्षं घड्याळ बघत राहिला.

परवा यंत्र भंगारात गेलं. आठवण म्हणून साहेबांनी त्याला शेवटचा कॅन दिला. वहिनीने त्यातलं थोडं पाण्यात मिसळून मोरीतल्या नळावरचा पांढरा थर घासला आणि नळ सोडला. नळ चकचकीत झाला.

"छान निघालं की हो. दुकानातल्या बाटलीत असतं ते वेगळं का?"

"तेच असतं."

"मग एवढी वर्षं दुकानातूनच का नाही आणलंत?"

मोरीत नळ अजून वाहत होता. दादाने घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजले होते. तो उठला आणि सवयीने नळ बंद करून आला.