तलावातली दुसरी रेघ

माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या फोटोचे उपकार तलावात मासे धरणाऱ्या एका ढिवर म्हाताऱ्याचे आहेत, आणि मी त्याच्यावरच ओरडलो होतो.

पोटापाण्याला मी लग्नाचे फोटो काढतो. लाखनीत हायवेला लागून दुकान आहे. पण जीव अडकलाय हेरगिरीच्या उपग्रहांत. त्यांचा ठावठिकाणा कोणी सांगत नाही. जगभरातले हौशी लोक आकाश बघून त्यांच्या वेळा काढतात, एकमेकांना कळवतात. सांजेला खाली अंधार पडतो, त्यांच्यावर मात्र अजून ऊन असतं, म्हणून ते चमकतात. शटर उघडं ठेवलं की ताऱ्यांमधून एक पांढरी रेघ उमटते. बायको म्हणते, "रेघच काढायची तर पट्टी घ्या ना!"

मला ती रेघ आमच्या गावच्या तलावात हवी होती. वर एक, पाण्यात एक. त्या हिवाळ्यात एक उपग्रह लागोपाठ सहा दिवस संध्याकाळी बरोबर तलावावरून जाणार होता. त्यानं पुढे वाट बदलली, तर पुन्हा सापडेल याचा नेम नाही.

पाच संध्याकाळी वाया गेल्या. ढिवर जाळं लावून डोंग्यातून काठीनं पाणी बडवायचे, म्हणजे मासे घाबरून जाळ्यात शिरतात. पाण्यातल्या रेघेच्या पार शेवया व्हायच्या. पाचव्या दिवशी माझं डोकं सटकलं. तलावाच्या बांधावरून, पाळीवरून ओरडलो, "अरे, घडीभर गप बसता येत नाही काय?" जसा काही तलाव माझ्या बापाचा!

तो म्हातारा डोंगा काठाला लावून आला. "काहून बोंबलून राहिले भाऊ?"

मी तणतणतच सगळं सांगितलं.

"गुपित आहे म्हणता, मंग तुमाले कसं मालूम?"

"दिसते ना मामा, डोळ्यांनी."

"मंग कायचं गुपित!" तो हसला आणि गेला. मी समजलो, बोंबललं सगळं.

सहाव्या दिवशी निव्वळ हट्टानं गेलो. जाळी लागली होती, डोंगे पाण्यात होते, पण एकही काठी आपटली नाही. बॅटऱ्याही बंद. वेळ उलटून गेली तरी उपग्रहाचा पत्ता नाही. लपवलेल्याची वेळ पक्की कुठून असणार? तिकडे अंधारात माणसं खोकला दाबून बसलेली. मग उत्तरेकडून तो निघाला, सरळ, न लुकलुकता. मी शटर उघडलं. पाण्यावर साधा तरंग नव्हता.

कॅमेऱ्यात दोन रेघा दिसल्या आणि मी खरंच रडलो.

"झालं का?" पाण्यातून आवाज आला.

"झालं मामा, झालं! आता बडवा खुशाल."

"आता काय बडवता! मासे दिवस बुडल्यावर घडीभरच काठाले येतेत. आता खोल गेले."

डोंगा काठाला लागला. जाळ्यात बोटाएवढे चार मासे होते. मी मागितली तीच घडी त्यांचीही मासे धरायची एकुलती घडी होती, हे मला तेव्हा कळलं. लाजेनं मान वर होईना.

"मामा, आधी सांगायचं ना! तुमचा आजचा बाजार बुडवला मी."

"मासे उद्या बी येतीन," तो जाळं गोळा करत म्हणाला. "तुमचं ते उद्या येनार आहे का?"

"नाही."

"मंग झालं तर," म्हणाला, आणि चारातले दोन मासे त्यानं माझ्या पिशवीत टाकले.