मोठं मशीन विकलं तेव्हा

मलकापूरचे छापखानेवाले मोतीशेठ माझं मोठं मशीन विकत न्यायला ट्रक घेऊन आले आणि ऐन वेळी अडून बसले.

"मशीन नेतो, पण नामदेव संग पाह्यजे. तो नसंन तं हे लोखंड घेऊन मी काय करू?"

नामदेव माझा मशीनमन. त्याने हातातला पाना खाली ठेवला. "मालक, मी चिखली सोडत नाही. पोरगी मॅट्रिकले हाये."

ट्रक रिकामा गेला.

महाराष्ट्र राज्य नवं होतं तेव्हाची ही गोष्ट. चिखलीला माझा छापखाना होता. त्यात दोन मशीनं. ट्रेडल लहान, पायाने चालवायचं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं त्याच्यावर. सिलिंडर मोठं, पोस्टरं आणि पुस्तकं त्याच्यावर. सिलिंडर मी कर्ज काढून घेतलं. मग हप्ते भरायला मोठी कामं धरली, मोठ्या कामांसाठी कागद उधार आणला. लग्नाला कितीतरी वर्षं झाली, पण बायकोला, कमलला, घेऊन मी लोणारच्या पुढे गेलो नव्हतो. तिला समुद्र पाहायचा होता. मी म्हणायचो, सीझन संपू दे. पण लग्नं आटोपली की शाळा उघडतात, शाळांचं झालं की दिवाळी.

"अहो, सीझन नाही संपत, आपणच संपून राह्यलो," ती एकदा म्हणाली.

त्याच महिन्यात, कर्जातून मोकळं व्हायचं ठरवून, रस्त्यावरचं भाड्याचं घर सोडून आम्ही छापखान्यामागच्या दोन खोल्यांत आलो. नातेवाइकांनी माझा धंदा बुडाला असंच धरलं. आता फक्त सिलिंडर विकायचं राहिलं होतं, आणि तेच अडलं.

दुसऱ्या दिवशी रावसाहेब आले. ते निवडणुकीला उभे होते.

"मशीन काऊन विकून राह्यले? आमची सारी पोस्टरं तुमच्याच इथं छापतो. हा घ्या ॲडव्हान्स."

बरेच हप्ते त्यातून सुटले असते. कमल आतल्या दारात उभी होती.

"रावसाहेब, हे काम घेतलं तं याच्या मागं दुसरं घ्यावं लागंन. नाही करत."

"पागल झाले काय हो तुम्ही?"

"हाव."

तसाच एसटी धरून मी मलकापूर गाठलं. मोतीशेठला म्हटलं, "नामदेव येणार नाही. मी येतो. मशीन बसवून देतो आणि तुमचा माणूस तयार होईपर्यंत इथंच राहतो."

"मालक असून?"

"नामदेवच्या आधी मीच चालवत होतो."

भाव थोडा पाडूनच ते कबूल झाले. मशीन गेलं आणि मी त्यांच्या दुकानात मुक्काम ठोकला. त्यांच्या माणसाला मेकरेडी शिकवायची होती. मेकरेडी म्हणजे ठसा कुठे फिका उठतो ते पाहून तिथे मागून पातळ कागदाचे तुकडे चिकटवायचे. घाई केली की पान काळं होतं. त्याचं पहिलं स्वच्छ पान निघालं तेव्हा मोतीशेठनी उरलेली रक्कम दिली. ती घेऊन मी कर्ज पुरतं फेडलं.

मग नामदेवला समोर बसवलं. "वर्षातले चार महिने छापखाना तुझा. त्या महिन्यांची कमाई तुझी."

"अन् नुकसान झालं तं?"

"तेही तुझंच."

तो हसला. मग गंभीर झाला. "हाव. पण चावी मले द्या. रोज मागाले येणार नाही."

चावी दिली.

त्या थंडीत आम्ही मलकापूरला गाडीत बसलो ते रामेश्वरपर्यंत गेलो. कमल गुडघाभर पाण्यात उभी राहिली, मी हाक मारली तरी बाहेर येईना.

परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक आलं. मी काउंटरवरच होतो.

"नामदेवभाऊ कुठं गेले?"

"मी आहे ना. बोला."

"नाही, राहू द्या. त्याहीलेच सांगतो." आणि तो माणूस बाकावर बसून राहिला.

आपल्यावाचून धंदा बसेल या भीतीने जे सुट्टी घेत नाहीत, त्यांनी एकदा घेऊन पाहावी. परतल्यावर थोडा अपमान होतो. पण पुढचं तिकीट काढताना मग फार विचार करावा लागत नाही.