शेठने दार उपटलं त्या दिवशी

दमणगंगेकाठच्या टोकरखाड्यातल्या आमच्या खोलीत बारा माणसं राहायची, पण चाळमालक शेठला सहाच ठाऊक. दिवसपाळीचे सहा कारखान्यात गेले की रात्रपाळीचे सहा त्यांच्याच गोधड्यांत शिरायचे. लॉकडाऊनमध्ये कारखाना बंद पडला आणि बाराही जण एकदमच घरात. तेव्हा कुठे मी माझ्या गोधडीच्या भागीदाराचं तोंड पाहिलं. दमेकरी होता; चार पावलं टाकली की सायकलच्या पंपासारखा वाजायचा.

शेठने डोकी मोजली. "रात्रपाळीवाले आजच खाली करा. कोरोना आणाल माझ्या चाळीत."

गाड्या बंद. दमेकरी नंदुरबारला, आपल्या गावी, चालत निघता तर पहिल्याच घाटात संपता.

मी म्हटलं, "शेठ, भाडेकरू काढू नका असा सरकारी हुकूम आहे."

"कोणी काढला, तुझ्या बापाने?"

'इथे कोरोनाचा पेशंट आहे, उचलून न्या,' असा फोन शेठने हेल्पलाइनला केला. पण गाडी येईपर्यंत त्याला दम निघेना. दोन मेहुणे आणले आणि दार बिजागऱ्यांसकट उपटलं.

थोरल्या मेहुण्याने तोंडावर पाइप घातला. माझे दोन दात उडाले ते थेट खेरडीच्या शेतात पडले असणार, कारण खोलीत सापडले नाहीत. मी कुकर हाणून त्याचं नाक गालाला चिकटवलं. धाकटा दमेकऱ्याला केसांना धरून ओढत होता. मी उरलेल्या दातांनी धाकट्याच्या अंगठ्याचा असा लचका तोडला की हाड दिसलं. शेवटी शेठच दमेकऱ्याच्या छातीवर बसला. दमेकरी निळा पडला. रक्त इतकं, की दमणगंगेचं पाणी वीतभर चढलं असेल.

तेवढ्यात उंबऱ्यात हेल्पलाइनने पाठवलेली नर्सबाई.

"आत किती जण?"

मी रक्त थुंकलो. "पंधरा, बाई."

"आम्ही इथले नाही," शेठ म्हणाला.

"पेशंटच्या छातीवर बसलात आणि इथले नाही? उठा. हात पुढे करा."

पंधरा हातांवर क्वारंटाइनचे शिक्के बसले. नोटीस चिकटवायला दार नव्हतं, म्हणून बाईंनी ते शेठकडूनच बसवून घेतलं.

चौदा दिवस एका खोलीत. पहिले तीन दिवस रोज कुणाचं तरी डोकं फुटलं. पुढे मारायला हात उचलायचीही जागा उरली नाही. दमेकऱ्याला कोरोना नव्हताच.

पंधराव्या दिवशी बाहेर पडल्या पडल्या शेठ वळला. "आता तरी रात्रपाळीवाले..."

मी मोबाइल काढला. "हेल्पलाइनला लावू? पण आधी आत या."

शेठ तोंडाला रुमाल लावून चालू लागला. दमेकरी गाड्या सुरू होईपर्यंत राहिला, आणि डब्यात पाय पसरून तिघांची जागा अडवून गावाला गेला.